पुडी, गोळी, थेंब की इंजेक्शन: जीवनसत्त्व कोणत्या वाटेने घ्यावे?

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एक निवृत्त शिक्षक आमच्या औषधांच्या दुकानात आले आणि ड जीवनसत्त्वाच्या आणखी आठ पुड्या मागू लागले. जेमतेम आठवड्यापूर्वीच त्यांनी आठ पुड्या नेल्या होत्या. विचारल्यावर कळले, की चिठ्ठीवरची ‘आठवड्यातून एक, आठ आठवडे’ ही सूचना घरी ‘आठ दिवस, रोज एक’ अशी वाचली गेली होती. एका पुडीत ६०,००० एकके असतात, म्हणजे आठ दिवसांत ४,८०,००० एकके पोटात गेली होती. त्यांना तसेच डॉक्टरांकडे पाठवले. रक्तातील कॅल्शियम तपासले, ते मर्यादेत निघाले आणि पुड्या काही महिन्यांसाठी बंद झाल्या. हाच क्रम दोन-तीन महिने चालला असता, तर प्रकरण रुग्णालयापर्यंत गेले असते.

काउंटरवर रोज विचारला जाणारा प्रश्न मात्र वेगळाच असतो: ‘गोळी चांगली की इंजेक्शन?’ या प्रश्नाला असे एकच उत्तर देता येत नाही, कारण वाट ठरते ती अडथळा कुठे आहे त्यावरून. जीवनसत्त्व ताटातच कमी पडत असेल, तर तोंडाने घेतलेली साधी, स्वस्त गोळी बहुतेक वेळा पुरते. ताटात असूनही ते जठरातून किंवा आतड्यातून रक्तात पोचत नसेल, तर मोठ्या मात्रेची गोळी किंवा इंजेक्शन लागते. आणि ज्यांच्या घरात गोळ्या आहेत, पण त्या घेण्याची आठवण राहत नाही, त्यांना आठवड्याची किंवा महिन्याची मात्रा सोयीची पडते, अर्थात ते जीवनसत्त्व शरीरात साठून राहणारे असेल तरच. पुढे जे आकडे येतील ते तुलना समजण्यासाठी आहेत. स्वतःची मात्रा तपासणीचा अहवाल पाहून डॉक्टरांनीच ठरवावी.

वाट निवडण्याआधी वेष्टन वाचायला शिकावे. ड आणि अ जीवनसत्त्वांची मात्रा आंतरराष्ट्रीय एककांत म्हणजे ‘आय.यू.’मध्ये छापतात, ब-१२ची मायक्रोग्रॅममध्ये आणि क जीवनसत्त्वाची मिलिग्रॅममध्ये. ड जीवनसत्त्वाची ४० एकके म्हणजे १ मायक्रोग्रॅम, त्यामुळे ६०,०००चा दणदणीत आकडा वजनात केवळ दीड मिलिग्रॅम भरतो. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत हजारपटीचे अंतर असते, आणि चष्मा न लावता वेष्टन वाचणाऱ्याची चूक नेमकी इथेच होते.

दुसरी गोष्ट, हातातली वस्तू औषध म्हणून विकली जाते की अन्नपूरक म्हणून, ते पाहावे. अन्नपूरकाच्या डबीवर भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची सूचना असते. तपासणीत ठरलेली कमतरता भरून काढायची असेल, तर औषध म्हणून परवाना असलेले उत्पादन घ्यावे असे माझे मत आहे, कारण उपचाराची मात्रा त्यातच मिळते. शाकाहाराचे कडक नियम पाळणाऱ्यांसाठी एक माहिती: ड जीवनसत्त्वाचे ड-३ हे रूप बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतील मेणापासून तयार करतात आणि मऊ कॅप्सूलचे कवच सहसा जिलेटिनचे असते. पुडीत कवच नसते, तरी भुकटी टिकावी म्हणून काही उत्पादक तिच्यातही जिलेटिन घालतात. दगडफुलासारख्या शैवाकापासून केलेले ड-३ आणि बुरशीपासून केलेले ड-२ हे पर्याय आहेत. मात्र रक्तातील पातळी वाढवून ती टिकवण्यात ड-३ सरस ठरते.

आता ड जीवनसत्त्वाकडेच सविस्तर पाहू, कारण सर्वांत जास्त प्रकार त्याचेच आहेत: दाणेदार पुडी, मऊ कॅप्सूल, चघळायची गोळी, पाच मिलिलिटरची छोटी बाटली, रोजची १,००० किंवा २,००० एककांची गोळी, बाळांचे थेंब आणि स्नायूत द्यायचे इंजेक्शन. हे जीवनसत्त्व स्निग्धात विरघळते आणि शरीरातील चरबीत साठते. यकृतात तयार होणारे त्याचे जे रूप आपण रक्तात मोजतो, ते निम्मे व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणूनच रोज थोडे घेतले काय किंवा आठवड्यातून एकदा जास्त घेतले काय, एकूण बेरीज सारखी असली की रक्तातील पातळी जवळपास सारखीच येते.

बेरीज मात्र करून पाहावी. आठवड्याची ६०,००० एकके म्हणजे दिवसाला साधारण ८,६०० एकके. ही कमतरता भरून काढण्याची मात्रा आहे, कायमची नव्हे. महिन्याला एक पुडी घेतली तर दिवसाला सुमारे २,००० एकके पडतात, आणि पातळी टिकवण्यासाठी डॉक्टर बहुधा एवढेच सांगतात. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय प्रौढाने दिवसाला ४,००० एककांच्या वर जाऊ नये, अशी मर्यादा सर्वसाधारणपणे मानली जाते. आठ आठवड्यांचा क्रम संपल्यावर ‘बरे वाटते आहे’ म्हणून तीच पुडी वर्षभर घेत राहणारे लोक मी पाहतो, आणि त्यांची मला त्या शिक्षकांपेक्षा जास्त काळजी वाटते. फार तहान लागणे, वारंवार लघवी, बद्धकोष्ठ, मळमळ, भूक मरणे आणि बोलण्यात किंवा वागण्यात गोंधळ ही रक्तात कॅल्शियम चढल्याची लक्षणे आहेत. ती दिसली तर पुडी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. मुतखड्याचा किंवा मूत्रपिंडाच्या विकाराचा इतिहास असलेल्यांनी तर स्वतःहून ड जीवनसत्त्व सुरूच करू नये.

पुडी, कॅप्सूल आणि बाटली यांत शोषणाचा फरक फारसा नाही, फरक आहे तो घेण्याच्या पद्धतीत. उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घेण्याऐवजी दिवसाच्या मुख्य जेवणासोबत, ज्यात तेल, तूप, शेंगदाणे किंवा दूध आहे अशा जेवणासोबत घेतल्यास शोषण चांगले होते. पुडी कोमट किंवा गार दुधात घालावी, उकळत्या नव्हे. एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते: दाणे पूर्ण विरघळत नाहीत, ते पेल्याच्या तळाशी आणि चमच्याच्या पाठीला चिकटून राहतात, आणि तो पेला तसाच मोरीत जातो. पेल्यात पुन्हा दोन घोट दूध घालून, चमच्याने ढवळून, तेही पिऊन टाकावे. हात थरथरणाऱ्या किंवा दृष्टी अधू असलेल्या ज्येष्ठांना मऊ कॅप्सूल सोपी जाते. कॅप्सूल घशात अडकते अशी तक्रार असलेल्यांसाठी बाटली किंवा चघळायची गोळी बरी.

ड जीवनसत्त्वाचे इंजेक्शन ‘एकदाच घेतले की सहा महिने सुटका’ म्हणून लोकप्रिय आहे. तेलकट द्रावण स्नायूत साठते आणि हळूहळू रक्तात उतरते, त्यामुळे तोंडाने घेतलेल्या मात्रेपेक्षा पातळी उलट सावकाश चढते. ज्यांच्या आतड्यातून स्निग्ध पदार्थ शोषले जात नाहीत, वजन घटवण्यासाठी ज्यांनी जठर-आतड्याची शस्त्रक्रिया करून घेतली आहे, अशांना त्याचा उपयोग आहे. इतरांनी सुटकेच्या हिशेबाने त्याकडे जाऊ नये. एकाच दमात फार मोठी मात्रा देण्याबद्दल सावध करणारा एक अभ्यास २०१० साली ऑस्ट्रेलियातून प्रसिद्ध झाला. त्यात वयस्क स्त्रियांना वर्षातून एकदा तोंडाने ५,००,००० एकके दिली होती, आणि ड जीवनसत्त्व न मिळालेल्या गटापेक्षा त्या पडण्याचे आणि त्यांची हाडे मोडण्याचे प्रमाण कमी होण्याऐवजी वाढलेलेच आढळले.

तान्ह्या बाळांचे थेंब हा स्वतंत्र जपणुकीचा विषय आहे. पहिल्या वर्षी दिवसाला ४०० एकके द्यावीत असा बालरोगतज्ज्ञांचा सर्वसाधारण सल्ला असतो. पण बाजारात एका मिलिलिटरमध्ये ४०० एकके असलेली बाटली मिळते, ८०० असलेलीही मिळते, आणि काही उत्पादनांत तर एकाच थेंबात दिवसाची पूर्ण मात्रा असते. पहिली बाटली संपल्यावर दुसऱ्या कंपनीची आणली आणि हाताला सवय झालेली तीच रेघ गाठली, तर बाळाला दुप्पट किंवा कित्येक पट मात्रा जाऊ शकते. नवी बाटली आणली की ‘प्रति मिलिलिटर किती’ ते आधी वाचावे आणि तिच्यासोबत आलेलाच ड्रॉपर वापरावा. जुना ड्रॉपर धुऊन ठेवण्याची आपल्याकडची काटकसर इथे घातक आहे.

ब-१२ची गोष्ट अगदी निराळी. ते पाण्यात विरघळते, तरी यकृतात काही वर्षे पुरेल एवढे साठते, त्यामुळे कमतरता हळूहळू येते आणि उशिरा उमगते. प्रौढाची रोजची गरज २ ते २.५ मायक्रोग्रॅमच्या आसपास आहे. मग गोळी १,००० किंवा १,५०० मायक्रोग्रॅमची का? अन्नातील ब-१२ प्रथिनांपासून सुटे व्हायला जठरातील आम्ल लागते, नंतर जठरातच पाझरणाऱ्या एका वाहक प्रथिनाशी त्याची गाठ पडावी लागते, आणि ही जोडी लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात शोषली जाते. हा दरवाजा अरुंद आहे: एका वेळी त्यातून जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅम आत जाते. पण मात्रा फार मोठी असली, की तिचा साधारण १ टक्का भाग या दरवाजाला वळसा घालून आतड्याच्या भिंतीतून आपसूक झिरपतो. हजार मायक्रोग्रॅमचा १ टक्का म्हणजे १० मायक्रोग्रॅम, रोजच्या गरजेच्या कितीतरी वर. म्हणजे वाहक प्रथिन तयारच होत नसले, तरी मोठ्या मात्रेची रोजची गोळी काम करू शकते. गोळी आणि इंजेक्शन यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत रक्तातील पातळी सुधारण्याच्या बाबतीत गोळी मागे पडलेली दिसत नाही, हे अभ्यास संख्येने थोडे असले तरी.

तर मग इंजेक्शन कोणी घ्यावे? हातापायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो, पायातली चप्पल निसटून मागे राहिली तरी कळत नाही, विसराळूपणा अचानक वाढला आहे, किंवा हिमोग्लोबिन फारच उतरले आहे, अशांनी. मज्जातंतूंना झालेली इजा जितकी जुनी, तितकी ती भरून येण्याची शक्यता कमी, म्हणून तिथे गोळीचा प्रयोग करत बसू नये. आतड्याचा शेवटचा भाग काढून टाकलेल्यांना आणि सतत उलट्या होणाऱ्यांनाही इंजेक्शनच योग्य. डॉक्टर सुरुवातीला ते दिवसाआड किंवा आठवड्याला आणि मग महिन्याला एक असे देतात. या औषधाचा रंग लाल असतो, म्हणून गावाकडे त्याला ‘ताकदीचे लाल इंजेक्शन’ म्हणतात आणि थकवा आला की ते मागून घेतात. कमतरता नसेल तर त्या लाल रंगात थकवा घालवणारे काहीही नाही. रक्ताचा नमुना मात्र पहिल्या इंजेक्शनच्या आधी द्यावा. टोचून घेतल्यावर तपासणी केली, तर पातळी फुगलेली दिसते आणि मूळ कमतरता किती होती ते कधीच कळत नाही.

जिभेखाली ठेवायच्या गोळ्या आणि नाकातले फवारे यांच्या जाहिराती ‘थेट रक्तात’ असे सांगतात. जिभेखालची गोळी आणि गिळलेली गोळी यांची तुलना झालेली आहे, आणि परिणामात सांगण्याजोगा फरक आढळलेला नाही. गिळायला त्रास होत असेल तर जिभेखालची घ्यावी, नसेल तर जास्तीचे पैसे देऊ नयेत. नाकाचा फवारा सर्दी-पडशात भरवशाचा राहत नाही. सायनोकोबालामिन आणि मिथाइलकोबालामिन या ब-१२च्या दोन रूपांच्या वादातही फार गुंतू नये. आपल्याकडे दुसरे जास्त खपते, पहिले जास्त टिकाऊ आणि स्वस्त आहे, आणि साध्या आहारजन्य कमतरतेत दोन्ही चालतात.

शाकाहारी घरांत दूध, दही, ताक, पनीर हेच ब-१२चे स्रोत, आणि एका मोठ्या पेलाभर दुधातून साधारण १ मायक्रोग्रॅमच मिळते. दिवसभरात चहातले दूध तेवढे पोटात जाणाऱ्याचा हिशेब त्यामुळे जमत नाही. स्पिरुलिनाच्या गोळ्यांवर विसंबू नये, तिच्यातील बहुतांश ब-१२सदृश घटक माणसाच्या शरीराला वापरता येत नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्तासाठी पँटोप्राझोल, ओमेप्राझोल वर्षानुवर्षे घेणाऱ्यांचे ब-१२ मांसाहारी असूनही घटू शकते. त्यांनी डॉक्टरांना विचारून वर्षातून एकदा पातळी पाहावी.

इंजेक्शन म्हणजे वरच्या दर्जाचे औषध, या समजुतीला छेद देणारी एक जुनी गोष्ट मुंबईतच घडलेली आहे. १९२८ साली लुसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर गिरणीकामगार गरोदर स्त्रियांच्या पांडुरोगाचा (ॲनिमियाचा) शोध घ्यायला मुंबईत आल्या. शुद्ध केलेला यकृताचा जो अर्क दुसऱ्या एका पांडुरोगावर गुणकारी ठरत होता, तो या स्त्रियांना लागू पडेना. यीस्टचा स्वस्त, खारट अर्क खायला दिल्यावर मात्र त्या सुधारल्या. त्या अर्कातील घटक पुढे फोलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. कमतरता कशाची आहे हे न कळता केलेला उपचार कितीही शुद्ध असला तरी वाया जातो. याची उलटी बाजूही ध्यानात ठेवावी: ब-१२ कमी असताना नुसते फोलिक ॲसिड घेत राहिले, तर हिमोग्लोबिन सुधारते, अहवाल बरा दिसतो, आणि आत मज्जातंतूंची हानी चालूच राहते.

क जीवनसत्त्वाबद्दल थोडक्यात. ते साठत नाही, म्हणून आठवड्याची मात्रा एकदम घेण्यात अर्थ नाही. २०० मिलिग्रॅमपर्यंत ते जवळपास सगळे शोषले जाते, १,००० मिलिग्रॅमच्या पुढे निम्म्याहून कमी, आणि उरलेले बाहेर टाकले जाते. चघळायची आंबटगोड गोळी दातांवर घोळवत ठेवू नये, तिने दातांचे कवच झिजते, नंतर चूळ भरावी. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांत सोडियम बरेच असते, एका गोळीत ३०० मिलिग्रॅमच्या आसपासही असू शकते, तेव्हा रक्तदाबाच्या रुग्णांनी साधी गोळी घ्यावी. ज्यांना मुतखडे होतात त्यांनी मोठ्या मात्रेपासून लांब राहावे. तसे पाहिले तर रोज एक पेरू खाणाऱ्याला यातले काहीच लागत नाही.

ब-समूहाची गोळी घेतल्यावर लघवी गर्द पिवळी होते, ती ब-२ मुळे. घाबरण्याचे कारण नाही. मुंग्यांसाठी दिल्या जाणाऱ्या संयुक्त गोळ्यांत ब-६ असते आणि ते मोठ्या मात्रेत महिनोन् महिने घेतल्यास त्यानेच मुंग्या येऊ लागतात. तेव्हा दोन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्यांत तोच घटक दोनदा येत नाही ना, ते पाहावे. जेलीसारख्या गमी मुलांना आवडतात हाच त्यांचा दोष. मुले त्या खाऊ समजतात, साखर पोटात जाते ती वेगळीच, आणि अ जीवनसत्त्वासारखा साठणारा घटक त्यांत असला तर मूठभर गमी ही गंभीर बाब होते. गरोदर स्त्रियांनीही रेटिनॉल रूपातील अ जीवनसत्त्व स्वतःच्या मनाने घेऊ नये, जास्त मात्रेने गर्भात दोष निर्माण होण्याचा धोका असतो.

शहरांत हल्ली शिरेवाटे जीवनसत्त्वांचे सलाईन ‘तजेल्यासाठी’ लावून मिळते. निरोगी माणसाने शिरेत सुई घेण्याला मला कोणतेही कारण दिसत नाही. जंतुसंसर्गाचा धोका आहेच, शिवाय ज्यांच्यात जी-६-पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी शिरेतून दिलेल्या क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने फुटू शकतात.

वाट ठरली की वेळ ठरवावी. थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेतात, तिच्यानंतर लोह, कॅल्शियम किंवा खनिजे असलेली बहुजीवनसत्त्व गोळी निदान चार तासांनी घ्यावी. लोह आणि कॅल्शियम एका वेळी नको, लोह आणि चहा तर नकोच. लिंबूपाण्याबरोबर लोह चांगले शोषले जाते. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमारॉल घेणाऱ्यांनी के जीवनसत्त्व असलेली कोणतीही गोळी डॉक्टरांना न विचारता सुरू किंवा बंद करू नये. केसांसाठी बायोटिन घेत असाल, तर थायरॉईड किंवा हृदयाच्या तपासणीपूर्वी प्रयोगशाळेला सांगावे. त्याने या तपासण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात, म्हणून डॉक्टर ते निदान दोन दिवस आधी बंद करायला सांगतात.

गोळ्या स्वयंपाकघरात शेगडीवरच्या फळीत किंवा फ्रिजच्या माथ्यावर ठेवण्याची सवय मोडावी. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यातील दमटपणाने मऊ कॅप्सूल एकमेकींना चिकटतात आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांवर तपकिरी ठिपके येतात. अशा गोळ्या टाकून द्याव्यात. स्ट्रिपमधून सगळ्या गोळ्या काढून एका डबीत भरू नयेत, आठवड्यापुरत्याच काढाव्यात. आठवड्याच्या पुडीसाठी एक वार नक्की करून प्रत्येक पुडीवर पेनाने तारीखच घालावी. आता आम्ही दुकानातूनच तशा घालून देतो. एखादा रविवार चुकला तर आठवेल त्या दिवशी एक पुडी घ्यावी आणि तिथून पुढे सात दिवस मोजावेत, दोन पुड्या एकदम घेऊ नयेत.

ड जीवनसत्त्वाची फेरतपासणी साधारण तीन महिन्यांनी, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत करावी, त्याआधी पातळी स्थिरावत नाही. डॉक्टरांकडे जाताना घरात चालू असलेल्या सगळ्या स्ट्रिप्स, पुड्या, बाटल्या आणि कोणी परदेशातून आणून दिलेली डबीसुद्धा एका पिशवीत घालून न्यावी आणि पिशवीच त्यांच्या टेबलावर रिकामी करावी. एकच जीवनसत्त्व तीन नावांनी पोटात जात असेल, तर ते तिथे दिसते.